जी घटना घडलीच नाही तिचा साक्षीदार झालो. आता हे ५०१ रुपये कुणाला देऊ?

उद्यमबागचा टाळकरी (प्रश्न)

राम कृष्ण हरी.

मी खानापूर तालुक्यातला. वय ३६. बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. सुगी आटोपून गावोगावी पारायणं सुरू झाली की कीर्तनं करतो. मोठा महाराज वगैरे नाही. वर्षाला पंधरा-वीस कीर्तनं, तीही आपल्याच भागात. नंदगड, जांबोटीकडची खेडी, इकडे फार तर येळ्ळूर-कडोली. आळंदीला दोन वर्षं होतो, वडील आजारी पडले म्हणून परत आलो. एवढं सांगतोय कारण मी कुणी भोंदू नाही हे आधी कळावं. नंतर काय म्हणायचं ते म्हणा.

आणखी एक. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही' हे चरण कृपा करून इथे कुणी टाकू नका. तोच अभंग मी चार वेळा सेवेला, म्हणजे कीर्तनाचा मुख्य अभंग म्हणून, घेतलाय.

तर गोष्ट अशी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतरच्या पारायणात वैर सोडण्यावर बोलायचं होतं आणि जवळ दृष्टान्त नव्हता. रात्रपाळीत मशीनसमोर उभ्या उभ्या मी एक रचला. दोन शेजारी शेतकरी, बांधावरून वीस वर्षं कोर्टात. रात्री पाणी चढतं. एक जण गोठ्यात धावतो आणि आधी वैऱ्याच्या बैलांची दावी सोडतो. तोवर त्याची स्वतःची जोडी वाहून जाते.

पहिल्या वर्षी मी म्हणालो, "पुरात एका शेतकऱ्यानं." लोक गप्प ऐकत होते. कोविडनंतर परत सांगितली तेव्हा तो "चिकोडी तालुक्यातला" झाला. पुढच्या वर्षी "कृष्णाकाठचा, येडूर-कल्लोळच्या बाजूचा". मग एका कीर्तनात तोंडातून निघून गेलं, "मी मुद्दाम जाऊन भेटलोय त्याला, माऊली." पुढे कुणीतरी हात धरून ओढावं तसा मी त्यात ओढला गेलो. मी त्याच्याकडे भाकरी खाल्ली. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. यंदा तर कहर झाला. आमच्याच गोठ्यातल्या दाव्याचा तुकडा शबनम पिशवीत घालून नेला आणि ऐन वेळी वर धरला. "हेच ते दावं!" पखवाजवाल्यानंसुद्धा डोळे पुसले.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला येतात, त्यात एक म्हातारे आले. पंचाहत्तरीचे असतील. त्यांनी ते दावं हातात घेऊन कपाळाला लावलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पाचशेची नोट आणि एक रुपयाचं नाणं काढलं. म्हणाले, "आमची थोरली भण तिकडं दिलेली हाय. तिचंबी घर पडलं पुरात. हे तेवडं त्या मान्साला पोचवा. बैल काय येत न्हाई एवड्यात, पेंड तरी घेईल."

मी घेतले. "पोचवतो" म्हणालो.

तीन आठवडे झाले. पैसे गाथेच्या कव्हरात आहेत. गाथा उघडली की ते दिसतात म्हणून गाथा उघडलेली नाही.

आता मला विचारायचंय ते हे. गोष्ट रचली हेच चुकलं, की "मी भेटलो" म्हणालो ते? कारण आमच्या गुरुजींची शिकवण होती, दृष्टान्त अंगावर घेऊन सांगावा, लांबचा करून सांगू नये. आणि खरं सांगू का, "कोणी एक शेतकरी होता" म्हटलं की मंडपात मोबाइल उजळतात. "मी भेटलोय" म्हटलं की माना वर होतात. हा फरक मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. या एका गोष्टीत तरी मी साक्षीदार आहे.

पैशांचं काय करू तेही सांगा.

गणपत_गल्ली

एवढं काय मनाला लावून घेता महाराज. पिक्चर बघून लोक रडतात, तिथे कोण हिरोला पुरावा मागतं? लोकांना रडवलंत, चार जणांनी भाऊबंदकी मिटवली असेल. पाचशे एक मंदिरात टाका आणि एक मोठा हरिपाठ म्हणा. विषय संपला.

उद्यमबागचा टाळकरी

पिक्चरला तिकीट काढतानाच माणसाला माहीत असतं की हा पिक्चर आहे. त्या आजोबांनी कुठलं तिकीट काढलं होतं?

शहापूरचे निवृत्त मास्तर

आपण वारकरी, मी नारदीय कीर्तनाचा श्रोता. शहापुरात लहानपणापासून ऐकत आलो. नंतर मराठी शाळेत तेहतीस वर्षं गोष्टी सांगूनच मुलं शांत बसवली. म्हणून थोडं बोलतो.

आमच्याकडे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण. मग मध्यंतर होतं, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानात बुवा काय काय घालतात! द्रौपदी काय म्हणाली, सुदाम्याची बायको पोहे बांधताना काय पुटपुटली, शेजारीण काय टोमणा मारून गेली. हे कुठल्याच पोथीत नसतं. मंडपातल्या पोरालाही कळतं की हे बुवांचं आहे. कुणी फसत नाही, कारण सुदाम्याची शेजारीण मला परवा गणपती मंदिराजवळ भेटली, असं बुवा म्हणत नाहीत.

आपल्या भाषेनं यासाठी दारं करून ठेवली आहेत. श्रावणातली कहाणी "आटपाट नगर होतं" म्हणून सुरू होते. आजवर कुणी आटपाट नगराची एस्टी विचारलेली नाही. महानुभावांच्या दृष्टान्तपाठात चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाला आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे या गोष्टीतलं काय कशाला लावायचं ते उघड करून सांगितलेलं. त्यातली माणसं "कव्हणी एकु" असतात. तेराव्या शतकातला हा "कव्हणी एकु" फार प्रामाणिक माणूस आहे. त्याला गाव नाही, म्हणून त्याच्या गावी मनीऑर्डर जात नाही.

गुरुजींचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. अंगावर घेणं म्हणजे तो शेतकरी आपणच आहोत असं समजून सांगणं. स्वर, हात, डोळे सगळं त्यात घालायचं. आपण अंगावर घेतलं नाही. आपण साक्ष दिली. कीर्तनात प्रमाण म्हणून अभंग देतात आणि समजावं म्हणून दृष्टान्त देतात. आपण दृष्टान्ताला प्रमाणाच्या पाटावर बसवलंत. दावं आणलंत तिथे तर पुरावाच दाखल केलात. तो बांधाचा खटला वीस वर्षं का चालला ते आता समजलं, असे साक्षीदार असल्यावर!

(रागावू नका. मास्तरकी जात नाही.)

मोबाइल उजळतात म्हणालात. ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वर्गात मोबाइल नव्हते, खिडकी होती.

कॅम्पातला रविवारवाला

मी मराठी मेथडिस्ट मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. पाळक नाही, स्थानिक उपदेशक. महिन्यातून एखादा रविवार उभा राहतो, बाकी दिवस औषधांची एजन्सी. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि घामही फुटला.

आमच्याकडे उपदेशाला लागणाऱ्या दाखल्यांच्या, म्हणजे बोधकथांच्या, पुस्तिका मिळतात. त्यातला एक मी "आमच्या गल्लीत घडलेली गोष्ट" म्हणून सांगितला होता, आजारी मुलगा आणि त्याच्या कुत्र्याचा. तिसऱ्या रविवारी बाहेरगावाहून पाहुणे पाळक आले आणि त्यांच्याही गल्लीत तेच घडलं. कुत्र्याचं नावसुद्धा तेच. मंडळी सगळी माझ्याकडे बघत होती आणि मी गीतपुस्तकात गीत शोधत होतो.

तेव्हापासून मी नाथान संदेष्ट्याची गोष्ट फार वेळा वाचलीय. बायबलात, २ शमुवेल, १२ वा अध्याय. दावीद राजानं आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान येऊन त्याला सांगतो, एका नगरात दोन मनुष्य होते, एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्या घासातलं खाणारी, त्याच्या उराशी निजणारी. श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच घेऊन कापली. दावीदाला ही खरी फिर्याद वाटते. तो भडकतो, असला माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. म्हणजे ऐकणारा काही क्षण पुरता फसलेला आहे, हे आपण मान्य करू. पण नाथान पुढच्याच वाक्यात म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." पडदा त्यानं स्वतःच्या हातानं, तिथेच, लगेच ओढला. दावीदाला मेंढीवाल्याची चौकशी करायला माणूस पाठवू दिला नाही. तुम्ही पडदा सहा वर्षं तसाच ठेवलात आणि वर त्याला भरजरी काठ लावत गेलात. मीही तेच केलं असतं, कुत्र्यानं वाचवलं.

एक गंमत मात्र सांगतो, मास्तरांच्या "कव्हणी एकु"ला धरून. येशूच्या दाखल्यांतही माणसाला नाव बहुधा नसतं. पण भल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातल्या परक्याच्या दाखल्यात रस्ता खरा आहे, यरुशलेमेहून यरीहोला उतरणारा. तो शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, ठेवतो आणि तिथल्या रखवालदाराला दोन दीनार देतो. एवढ्या एका खऱ्या रस्त्यामुळे आज त्या वाटेवर "हीच ती शोमरोन्याची उतारशाळा" म्हणून जागा दाखवतात आणि यात्रेकरू तिथे उतरतात! तेव्हा खऱ्या गावाचं नाव घेतलं की कुणीतरी पैसे घेऊन निघतंच. तुमचे आजोबा काही जगावेगळे नाहीत.

गणपत_गल्ली

सगळे एवढं सरळ वागायला लागले तर कीर्तनाला कोण येणार? आणि मुळात या भागात मराठी कीर्तनं टिकलीत हेच खूप झालं, इथल्या सरकारनं

संपादक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. उरलेला प्रतिसाद तिकडे हलवला.

दूधगंगेकाठची

मी लिवत न्हाई कुठं जास्त. पण हे वाचून बसवेना.

तुमची क्लिप आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलेली. मी बघितलो. माझ्या जावेनं रडत रडत पाठवली होती. मी न्हाई रडलो. का सांगू? तुम्ही वर धरलेल्या दाव्याची गाठ सोडवलेली होती.

दादा, पाण्यात भिजलेलं दावं सुटत न्हाई. नखं मोडत्यात. विळ्यानं कापावं लागतं, आणि कापल्यावर अर्धं जनावराच्या गळ्यातच जातं. आम्ही तीन म्हशींची कापली. तवाच मला कळालं की ह्या मान्सानं कधी पाण्यात उभारून जनावर सोडलेलं न्हाई. पण ग्रुपवर बोललो न्हाई. महाराजांना खोटं म्हणायचं कसं?

आणि पाणी एका रात्रीत पिक्चरसारखं येत न्हाई आमच्यात. दोन दिवस आधी पायरी पायरीनं चढतंय. दवंडी होती, पोलीस गाडीवरनं सांगत होते. लोक म्हणत होते २००५ ला इथवर आलं होतं, ह्याच्या वर येत न्हाई. म्हणून थांबलो. ती चूक. मग ट्रॅक्टर मिळेना, हायवे बंद, निपाणीकडं जायला वाट न्हाई. आधी कुणाची जनावरं न्यायची ह्याच्यावरनं भांडणं झाली, दादा. भांडणं! आमचा सख्खा दीर ट्रॉलीत आमच्या रेडकाला जागा देईना. आणि ज्याच्याशी आम्ही बोलत न्हाई त्या घरातल्या पोरानं ते रेडकू खांद्यावर घेतलं. का घेतलं तेबी त्याला ठाऊक न्हाई. नंतर परत बोलणं बंदच हाय. वैर काय मिटलं न्हाई. हळदी-कुंकवालाबी बोलवत न्हाईत.

तुमची गोष्ट लई सुंदर हाय. म्हणूनच मला राग आला. आमचा पूर तुम्ही घेतला आणि धुऊन इस्त्री करून लोकास्नी दाखवला. आता मी माझं रेडकाचं सांगितलो तर लोक म्हणत्यात, हे काय, त्या महाराजांची गोष्ट ऐक, बैल वाहून गेले त्याचे.

एवढंच. पैसे मला नकोत, आधीच सांगतो.

उद्यमबागचा टाळकरी

ताई, दोन दिवस काय लिहावं सुचलं नाही.

गाठीचं तुम्ही म्हणालात ते रात्री गोठ्यात जाऊन करून बघितलं. दावं बादलीत भिजवलं, खुंट्याला ओढून बांधलं आणि सोडवत बसलो. सुटलं नाही. कारखान्यात मी मायक्रॉनमध्ये माप घेतो. पार्टवर केसाएवढा ओरखडा असला तरी रिजेक्ट. आणि इथे गाठ कशी सुटते एवढंही तपासलं नव्हतं.

आणखी एक कळलं ते सांगतो. ती गोष्ट आता गोकाककडचे एक महाराज सांगतात. त्यांचा शेतकरी घटप्रभेच्या काठचा आहे आणि तेही त्याच्याकडे भाकरी खाऊन आलेत. माझ्या पंगतीला आणखी एक ताट!

रविवारी सुट्टी होती. पैसे घेऊन आजोबांच्या गावी गेलो. एस्टी फाट्यावर सोडते, तिथून दोन मैल चालत. वाटेत तीनदा वाटलं की काहीतरी दुसरं सांगावं. तो शेतकरी वारला असं सांगावं, हे सगळ्यात सोपं होतं. म्हणजे बघा, खोटं मिटवायला निघालेला माणूस रस्त्यात नवं रचत होता, आणि तेही चांगलं जमत होतं. मरताना त्याचे शेवटचे शब्दसुद्धा तयार झाले होते.

आजोबा अंगणात भाताचं बी निवडत बसले होते. मी पाया पडलो आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. तो माणूस नाही. मी कुणाकडे गेलो नाही. दावं आमच्या गोठ्यातलं.

ते बराच वेळ सुपात बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "म्हंजे बैलबी न्हाईत?"

म्हणालो, नाहीत.

"बरं झालं. वाहून तरी गेले न्हाईत."

हे ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, मला अजून कळलेलं नाही. आतून म्हातारी चहा घेऊन आली, तिला त्यांनी काही सांगितलं नाही. पैसे घेतले, नोट उजेडात धरून बघितली, नाणं वेगळं ठेवलं. मी उठताना म्हणाले, "मी ही गोष्ट आमच्या भावाला सांगून आलोय. बांधाचंच हाय आमचंबी. तो काय म्हणाला म्हाईत हाय? म्हणाला, त्या येड्यानं आपली जोडी आधी सोडायची." मग थोडं थांबून, "आता त्याला जाऊन काय सांगू, तोच बरोबर म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही.

जाताना एकच म्हणाले. गावात ऐकणारे दोन-तीनशे जण होते, मला एकट्याला सांगून काय होणार, पुढच्या पारायणात उभा राहून सांग. बोलावणं ते स्वतः कमिटीला सांगून पाठवतो म्हणाले. मी हो म्हणालो. या वेळचं "हो" खरं आहे.

आता विचारायचं एवढंच की ते सांगायचं कसं. कीर्तन करताना माझा सूर लगेच चढतो. मला भीती वाटते की ही कबुलीसुद्धा मी रंगवून सांगेन, लोक रडतील, आणि मला ते आवडेल.

कॅम्पातला रविवारवाला

ही भीती बरोबर आहे. आमच्याकडे साक्ष द्यायला उभे राहणारे काही जण दर वर्षी आधीपेक्षा मोठे पापी होत जातात. लिहून न्या आणि कागदावर बघून वाचा. रंगवायची सवय हातांत असते. हातात कागद असला की हात अडकतात.

दूधगंगेकाठची

रेडकाचं सांगायचं असलं तर सांगा. पण आमच्या गावाचं नाव घालू नका, आणि दिराचं तर अजिबात नको. आणि तुम्ही मला भेटला असं म्हणू नका. एका बाईनं लिवून कळवलं म्हणा. शेवटी त्या घरचं आमचं बोलणं अजून बंदच हाय, तेबी सांगा. ते सोडू नका.

उद्यमबागचा टाळकरी

सांगतो ताई. जसंच्या तसं. रेडकू खांद्यावर घेतलं एवढंच, पुढचा एक शब्द माझा नाही.

शहापूरचे निवृत्त मास्तर

एक व्यवहारातली सूचना. काल्याच्या दिवशी सांगू नका. त्या दिवशी लोकांचं अर्धं लक्ष हंडीतल्या दही-लाह्यांकडे आणि उरलेलं महाप्रसादाच्या पंगतीकडे असतं. आरतीनंतरही नको, तोवर मागचे लोक चपला शोधायला उठलेले असतात. नमन झालं की सेवेचा अभंग सुरू करायच्या आधी सांगा. टाळ खाली ठेवायला लावा, पखवाजवाल्याला थांबवा. पाठीमागे सूर असला की जीभ आपोआप लांबते.

आणि तो यंदा रडलेला पखवाजवाला कोण होता, त्याला आधी घरी जाऊन सांगा. नाहीतर मंडपातच तो टाळ्या वाजवेल.